कुंपणालगत आडोसा हवा आहे: पुण्यात कमी खर्चात कोणती झाडे-झुडपे लावावीत?

बावधनकर:
सर्वांना नमस्कार. बावधनमध्ये आमचे छोटे रो-हाउस आहे. पश्चिमेकडे चाळीस फूट लांब आणि पाच फूट उंच कुंपणभिंत असून तिच्या पलीकडच्या मोकळ्या जागेवर आता मोठी इमारत उभी राहिली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांमधून आमच्या मागच्या ओट्यावरचे सगळे दिसते. हा ओटा भिंतीपासून साधारण तेरा फुटांवर आहे, आणि संध्याकाळी तिथे बसायची माझ्या आईची अनेक वर्षांची सवय नव्या खिडक्यांमुळे मोडली आहे. तिला पुन्हा निवांत बसता यावे, हाच या सगळ्याचा हेतू आहे.

जमीन मुरमाड आहे आणि वरच्या थरात बांधकामाचा राडारोडा मिसळलेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही टँकरवर असतो, त्यामुळे भरपूर पाणी मागणारे काही लावणे शक्य नाही. घरात चार वर्षांची मुलगी आणि कुत्रा आहे. मजुरी धरून बारा हजार रुपयांच्या आत काम बसवायचे आहे. एका बागकाम कंत्राटदाराने तीन-तीन फुटांवर आसुपालव किंवा कोनोकार्पस लावायला सुचवले आहे, पण मोठ्या पिशवीतल्या रोपांचा एकूण खर्च आमच्या आवाक्याबाहेर जातो. पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

हिरवा कोपरा:
झाड कोणते, हा प्रश्न मी थोडा पुढे ढकलेन आणि आधी एक साधे गणित करून पाहायला सांगेन, कारण खर्च नेमका तिथेच वाचतो. आडोसा भिंतीलगतच असला पाहिजे, असे आपण सगळेच गृहीत धरतो. खरे तर तो खिडकीतल्या माणसाची नजर आणि ओट्यावर बसलेला माणूस यांना जोडणाऱ्या रेषेत कुठेही असला तरी चालतो.

तुम्ही दिलेल्या मापांवरून अंदाज करू. दुसऱ्या मजल्यावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे सव्वीस फुटांवर असतील. ती खिडकी तुमच्या भिंतीपासून चाळीस फूट दूर आहे असे धरू. आई ओट्यावर खुर्चीत बसल्यावर त्यांची नजर चार फुटांवर येईल. दोघांमधले आडवे अंतर त्रेपन्न फूट आणि उंचीतला फरक बावीस फूट, म्हणजे ही रेषा दर फुटाला जेमतेम पाच इंच चढते. ती भिंतीवरून जाते तेव्हा जमिनीपासून सुमारे साडेनऊ फुटांवर असते, पण ओट्यापासून पाच फुटांवर तीच रेषा अवघ्या सहा फुटांवर असते. भिंतीलगत जे काम दहा फुटी झाडांची पूर्ण रांग करेल, तेच काम ओट्याजवळची साडेसहा-सात फुटांची झुडपे करतील, आणि त्यासाठी चाळीस फूट नव्हे तर बारा-पंधरा फुटांचा पट्टा पुरेल.

खिडकी भिंतीला जितकी जवळ असेल तितकी ही रेषा अधिक उभी होते आणि झुडपांची उंची वाढवावी लागते. म्हणून हे प्रत्यक्ष करून पाहा. आईंना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा, बांबूच्या काठीला वर रंगीत फडके बांधा आणि एकाने ती काठी वेगवेगळ्या जागी उभी धरावी. बसलेल्या माणसाला खिडकी फडक्याआड गेलेली दिसली की तिथे लागणारी उंची कळली. वरच्या मजल्यांसाठी हेच पुन्हा करा. चौथ्या-पाचव्या मजल्यावरून दिसणे झुडपांनी थांबणार नाही. त्यासाठी ओट्यावर वेलीचा मांडव हाच उपाय आहे, आणि तो झाडांच्या रांगेपेक्षा स्वस्त पडतो.

मांजरी रोपवाटिका:
रोपे विकणे हा आमचा व्यवसाय आहे, तरीही सांगतो की मोठी रोपे घेऊ नका. पाच-सहा फुटांचे रोप तुम्ही पाहता तेव्हा ते बहुधा बराच काळ पिशवीतच वाढलेले असते आणि त्याची मुळे तळाशी गोल फिरून एकमेकांत गुंतलेली असतात. मुरमाड जमिनीत अशी मुळे बाहेर पसरायला वेळ घेतात. उलट दीड-दोन फुटांचे निरोगी रोप पाऊस स्थिरावल्यावर लावले तर दोन-तीन वर्षांत मोठ्या रोपाच्या बरोबरीला येते, आणि त्याची किंमत मोठ्या रोपापेक्षा कितीतरी कमी असते. विकत घेताना पिशवी उचलून तळ पाहा. जाड मूळ भोकातून बाहेर येऊन जमिनीत गेले असेल, तर ते रोप नाकारा. खोडापेक्षा फांद्यांकडे लक्ष द्या. तळापासून तीन-चार फुटवे असलेले बुटके रोप आडोशासाठी एकाच सरळ खोडाच्या उंच रोपापेक्षा चांगले.

भावाबद्दल एवढेच सांगतो की सुटी दोन-चार रोपे घेण्यापेक्षा वीस-पंचवीस रोपे एकदम घेतली तर सोलापूर रस्त्यावरच्या मांजरी ते उरुळी कांचन पट्ट्यातल्या बहुतेक रोपवाटिका ठोक भाव लावतात. शहरातल्या सुशोभित दुकानात आणि इथे भावात मोठा फरक पडतो. शेजारच्या दोन घरांना बरोबर घेतलेत तर टेम्पोचे भाडेही वाटले जाईल. देशी झाडांची रोपे हवी असतील तर वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये जरूर विचारा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव असतो आणि त्या सुमारास तिथे बरीच रोपे तयार असतात.

तुमच्या जागेसाठी माझी पहिली पसंती कुंतीला आहे. ती बारमाही हिरवी राहते, पुण्याचे पश्चिमेचे ऊन सहन करते, कात्री चालवल्यावर दाट होते आणि पावसाळ्यात तिचा पांढरा सुवासिक बहर येतो. तिचा वेग मात्र मध्यम आहे. लवकर भरणारे काही हवे असेल तर मधे मधे कोयनेल लावा. ते फांदीपासून सहज होते, त्यामुळे ओळखीत कोणाकडे असेल तर त्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

सहकारनगर:
आमच्या जुन्या बंगल्याभोवती यातली बरीच झाडे आहेत, म्हणून अनेक वर्षांच्या निरीक्षणावरून लिहिते. आसुपालव उंच आणि सडपातळ राहतो हे खरे, आणि जागा फार कमी असेल तर त्याला पर्याय थोडे आहेत. पण एकमेकांना खेटून लावल्यावर त्याच्या खालच्या फांद्या सावलीत झडत जातात, आणि नेमक्या ज्या उंचीवर आडोसा हवा तिथे उघडी खोडे उरतात. फळे धरली की रात्री वटवाघळे येतात आणि सकाळी फरशी डागाळलेली असते. वटवाघळांना माझी हरकत नाही, पण ओटा अगदी जवळ असेल तर हे आधी माहीत असावे.

फायकस (वड-पिंपळाच्या जातकुळीतले शोभेचे झाड) लावू नका, मग विकणारा त्याला कोणत्याही नावाने देवो. कुंडीत तो गोजिरा दिसतो, पण जमिनीत त्याची मुळे पाण्याच्या वाहिन्या, चेंबर आणि कुंपणाचा पाया शोधत जातात. बांबूचाही विचार करून निर्णय घ्यावा. आपल्याकडचे बहुतेक बांबू बेटाने वाढणारे आहेत, दूरवर पळत जाणारे नाहीत, म्हणून लोक निर्धास्त असतात. मात्र बेट दरवर्षी बाहेरच्या बाजूने रुंद होत जाते, आणि भिंतीपासून दीड-दोन फुटांवर लावलेले बेट काही वर्षांत भिंतीला रेटू लागते. उन्हाळ्यात पाने इतकी गळतात की रोज झाडावे लागते. ज्यांच्याकडे दहा फूट रुंद पट्टा आहे त्यांना बांबूसारखा जलद आडोसा दुसरा नाही, पण रो-हाउसच्या मागच्या अंगणात मी तो सुचवणार नाही.

निर्गुडी:
कोनोकार्पसबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. ते झाड मूळचे उष्ण कटिबंधातल्या किनारपट्टीचे असून झपाट्याने वाढते आणि हिरवेगार दिसते, म्हणून रस्ते, कारखाने आणि नव्या गृहप्रकल्पांच्या कडेला ते बेसुमार लावले गेले. त्याची मुळे जमिनीखालच्या वाहिन्यांना त्रास देतात आणि परागकणांमुळे श्वसनाच्या तक्रारी वाढतात, ही कारणे देऊन गुजरातच्या वन विभागाने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्या पक्ष्यांना आणि फुलपाखरांनाही त्याचा फारसा उपयोग नाही. वर ते सतत छाटावे लागते, म्हणजे आज वाचलेले पैसे पुढे दरवर्षी मजुरीत जातात.

घरात लहान मूल आणि कुत्रा आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून कण्हेर आणि बिट्टी ही दोन्ही झुडपे यादीतून पूर्णपणे काढून टाका. दोन्ही कमी पाण्यात वाढतात, स्वस्त आहेत आणि महामार्गांच्या दुभाजकांवर ती आपण नेहमी पाहतो, त्यामुळे कोणीतरी ती सुचवेलच. मात्र त्यांचे सर्व भाग विषारी आहेत आणि ते विष थेट हृदयावर परिणाम करते. बिट्टीच्या हिरव्या फळांशी मुले खेळतात, हा धोका खरा आहे. डुरांटाची पिवळी मणीदार फळेही मुलांच्या तोंडात जाऊ नयेत.

या हवामानात आपोआप तगणारी देशी झुडपे आपल्या टेकड्यांवरच दिसतात. निर्गुडी फांदीपासून येते, आठ-दहा फूट सहज होते, शेळ्या तिला तोंड लावत नाहीत आणि जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या सतत असतात. पाणी अगदीच तुटले तर उन्हाळ्यात तिची पाने विरळ होतात, हा तिचा एकमेव उणेपणा आहे. अडुळसाही फांदीपासून होतो, तळापासून दाट फुटतो, आणि थंडीत त्याला पांढरी फुले येतात तेव्हा शिंजीर त्याच्यावर दिवसभर घिरट्या घालतात. कडीपत्ता मुळांवाटे नवे फुटवे काढत स्वतःच दाटी करतो आणि घरातल्या फोडणीचीही सोय होते. कुंती त्याच कुळातली असून या दोघांवर काळ्या रंगाच्या मोठ्या मॉर्मन फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. थोडी पाने कुरतडली गेली तर औषध मारू नका, झुडूप ती भरून काढते.

एकाच जातीची सलग रांग लावू नये, असे माझे ठाम मत आहे. जास्वंदीच्या सलग कुंपणावर पिठ्या ढेकूण आला की संपूर्ण कुंपण एकदम आजारी पडते. तीन-चार जाती मिसळल्या तर एखादी गेली तरी आडोशाला भगदाड पडत नाही.

बावधनकर:
आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. काठीचा प्रयोग आजच केला. ओट्यापासून पाच फुटांवर साडेसहा फुटांना दुसऱ्या मजल्याच्या दोन्ही खिडक्या झाकल्या गेल्या. तिसऱ्या मजल्यासाठी तिथेच आठ फूट लागतात. आईला मांडवाची कल्पना फार आवडली आहे. आता दोन शंका आहेत. झुडपे वाढेपर्यंतची एक-दोन वर्षे काय करावे? आणि या मुरमात खड्डे कसे घ्यावेत? कुदळ लावली तर ठिणग्या निघतात.

हिरवा कोपरा:
पहिली दोन वर्षे वेलीने काढा. ओट्याच्या पश्चिम कडेला लोखंडी पाइप किंवा भक्कम बांबू रोवून त्यावर जाळी ताणा. पडदा वेल नावाप्रमाणेच सरळ खाली लोंबत दाट पडदा करते आणि तिला काटे नसतात. मधुमालती तिच्यापेक्षा जोमदार आहे, तिचा वासही सुरेख आहे, पण तिचे वजन हलक्या जाळीला पेलत नाही आणि दर पावसाळ्यानंतर तिला आवरावे लागते. मांडवावर मधुमालती आणि उभ्या जाळीवर पडदा वेल, अशी वाटणी मला योग्य वाटते. संक्रांत वेलीचा नारिंगी बहर जानेवारीत डोळे दिपवतो, पण तिचा हिशेब आडोशात धरू नका, ती हौस म्हणून लावा. बोगनवेल सगळ्यांत कमी पाणी मागते, मात्र ओट्याजवळ लहान मूल खेळत असताना तिचे काटे नकोत. ती भिंतीवर सोडा.

मांजरी रोपवाटिका:
मुरमात सुटे खड्डे घेऊ नका. कुंपणासाठी सलग चर घ्या, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल. सुट्या खड्ड्यात मुळे कठीण मुरमाच्या भिंतींना अडून तिथेच गोल फिरतात, तर चरात त्यांना निदान लांबीच्या दिशेने मोकळीक मिळते. पंधरा फुटांचा चर दोन मजूर एका दिवसात घेतात. चर घेण्याच्या आदल्या रात्री तिथे पाणी मुरवले तर कुदळ बऱ्यापैकी चालते. चराच्या एका टोकाला थोडा उतार आणि पाणी जायला वाट ठेवा, नाहीतर जुलैच्या संततधारेत कठीण मुरमातला चर हौदासारखा तुंबतो आणि मुळे कुजतात.

सिमेंटचे गोळे, चुन्याचे तुकडे आणि प्लास्टिक वेचून टाका. निघालेला बारीक मुरूम फेकू नका. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण भरा. नुसती काळी माती भरण्याचा आग्रह बरेच जण करतात, पण ती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरमाड भागात वाळवी असतेच, म्हणून मिश्रणात निंबोळी पेंड टाका. कच्चे शेण अजिबात घालू नका, त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते. रोपे सरळ रेषेत न लावता नागमोडी दोन ओळींत लावा, ओळीतले अंतर अडीच फूट आणि दोन ओळींमध्ये सव्वा फूट. त्यासाठी त्या भागात चर दोन फूट रुंद घ्यावा लागेल.

लागवड जूनच्या पहिल्या वळवाच्या सरीवर करू नका. त्यानंतर कधी कधी दोन-तीन आठवडे कोरडे जातात. मोसमी पाऊस स्थिरावून जमीन वीतभर खोल ओली झाली की लावा.

सहकारनगर:
पाण्याबद्दल थोडे सांगते. पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच येतो, म्हणजे नोव्हेंबरपासून पुढचे सात महिने रोपे तुमच्यावर अवलंबून आहेत. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोलवर पाणी दिले तर मुळे खाली जातात. सोळा मिलिमीटरची ठिबक नळी आणि तासाला चार लिटरचे ड्रिपर बसवायला फार खर्च येत नाही. स्वयंपाकघरात भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी साठवून ते ठिबकला जोडता आले तर टँकरवरचा भार हलका होईल. साबणाचे पाणी लहान रोपांना नको. डिसेंबरमध्ये चरावर चार बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घाला आणि पालापाचोळा खोडाला चिकटू देऊ नका. आपल्याकडे रस्त्यावरची पाने गोळा करून जाळली जातात हे पाहून जीव तुटतो. ती पोत्यात भरून आणा, त्यांच्याइतके चांगले आच्छादन विकतही मिळत नाही.

पाषाणचा वाचक:
चर्चा उत्तम चालली आहे. एक कायदेशीर बाब जोडतो. झुडपांचा प्रश्न येत नाही, पण भिंतीलगत मोठे होणारे झाड लावले आणि पुढे ते नकोसे झाले, तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या अंगणातले का असेना. म्हणून बकुळीसारखे दीर्घायुषी झाड लावायचे असेल तर त्याला पूर्ण वाढीची जागा द्या. शेजारच्या हद्दीत फांद्या जाऊ नयेत म्हणून झुडपांनाही भिंतीपासून किमान तीन फूट आत ठेवलेत, तर वाद होणार नाहीत आणि मागच्या बाजूने छाटणीलाही जागा राहील.

बावधनकर:
सर्व मते विचारात घेऊन असे ठरवले आहे. ओट्यापासून पाच फुटांवर पंधरा फुटांचा चर घेऊन त्यात नागमोडी बारा रोपे लावू: सहा कुंती, तीन अडुळसा, तीन कडीपत्ता. तिसऱ्या मजल्याची खिडकी ज्या टोकाला सरळ पडते तिथे दोन निर्गुड्या, कारण त्या उंच जातील. अडुळसा आणि निर्गुडीच्या फांद्या पाषाणच्या एका परिचितांकडून मिळत आहेत. ओट्यावर पाइपचा मांडव, मधुमालती आणि पडदा वेल. भिंतीकडच्या पट्ट्यात मध्यभागी एकच बकूळ, पुढच्या पिढीसाठी. मांडवाचे लोखंड हाच सर्वांत मोठा खर्च आहे, तरीही एकूण अंदाज बारा हजारांच्या आत बसतो. कंत्राटदाराला नम्रपणे नकार कळवला आहे. छाटणी कधीपासून सुरू करावी, एवढेच आता विचारायचे आहे.

निर्गुडी:
योजना फार चांगली झाली आहे. छाटणी आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप आधी सुरू करा. रोपे रुजून नवी पालवी फुटली आणि दीड-दोन फुटांची झाली की शेंडे खुडा. उंची लवकर मिळावी म्हणून शेंडा राखला तर रोप वर पळते आणि खालून पोकळ राहते, आणि तळाची पोकळी नंतर भरून येत नाही. पहिल्या दोन वर्षांत दर वीतभर नव्या वाढीनंतर खुडत गेलात की हळूहळू, पण जमिनीपासून दाट झुडूप तयार होईल. पुढे आकार देताना तळ रुंद आणि माथा किंचित अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. मोठी छाटणी पावसाळा संपता संपता करा. मार्च ते जून या काळात कात्री लावण्यापूर्वी आत बुलबुलाचे घरटे नाही ना, हे फांद्या बाजूला सारून नक्की पाहा. असेल तर पिले उडून जाईपर्यंत तेवढा भाग तसाच सोडा.

अडुळशाच्या फांद्या आणताना पेन्सिलच्या जाडीच्या, तीन-चार डोळे असलेल्या घ्या. दोन डोळे मातीत आणि दोन वर राहतील अशा लावा. काही फांद्या धरत नाहीत, म्हणून लागतील त्याच्या दुप्पट आणून उरलेल्या पिशव्यांमध्ये सावलीत ठेवा.